पंचांगाला कुलूप

पंचांगाची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ऑफिसात आता ती कुणाची होती हे कुणालाच आठवत नाही. ती चांगली वाटत होती तोवर मात्र मी दिसेल त्याला धरून सांगत होते.

आमचं ऑफिस हैदराबादला, आबिड्स भागात, पोस्टाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली औषधाचं दुकान, मधे दातांचा डॉक्टर, वर आम्ही. लिफ्ट आहे, पण नुसती असण्यापुरती. मी तिथं समुपदेशक. म्हणजे एचआयव्हीच्या तपासणीला येणाऱ्या, आणि यायला हवं तरी न येणाऱ्या पोरापोरींशी बोलायचं. त्यांना भीती घालायची नाही, उपदेश करायचा नाही, आणि मुख्य म्हणजे लाजायचं नाही. माझं हे न लाजणं इतकं अंगवळणी पडलंय की एकदा भाजीवाल्यासमोर फोनवर एका पोराला कंडोम कुठं ठेवू नये ते समजावत मी निवांत दोडके निवडत होते. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली आणि परत माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

पण ही सगळी बहादुरी आबिड्सपुरती. काचीगुड्याला घरी परतलं की मी दुसरीच बाई. आमचं तिथं मराठी महिला मंडळ आहे. बहुतेक जणी नांदेड, परभणी, लातूरकडच्या. कुणाच्या आजोबांनी निजामाच्या काळात शेती सोडून इथं नोकरी धरली, कुणाचा नवरा रेल्वेत, कुणाचं दुकान. मंडळात कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी सांगायची, ‘युवकांच्या आरोग्याचं काहीतरी.’ त्यावर त्या म्हणायच्या, छान, आजकाल पोरं नीट जेवतच नाहीत. मीही मान हलवून म्हणायची, हौ ना, जेवतच नाहीत.

तर ॲप. पोरं आमचा जिना चढायला घाबरतात, कुणी पाहिलं तर काय म्हणून. फोन मात्र चोवीस तास हातात. म्हणून ठरलं की सगळं फोनवरच द्यायचं. तपासणी कुठं होते, निकाल आला की पुढं काय, मनातल्या शंका कुणाला विचारायच्या, आणि रोजच्या गोळीची आठवण. ही गोळी नीट समजून घ्या, पुढं लागणार आहे. ज्यांना रोग झालेला नाही पण होण्याचा धोका आहे, त्यांनी ती आधीपासून रोज घ्यायची, म्हणजे लागण टळते. पण औषध तेच. रोग झालेल्यांना ज्या गोळ्या देतात, त्यातलंच. नुसती बाटली पाहून कुणासाठी आहे ते कळत नाही.

हायटेक सिटीकडचे दोन इंजिनियर ॲप बनवून घेऊन आले. वर एड्सच्या लाल रिबिनीचं चित्र. सल्ल्यासाठी आम्ही काही पोरं बोलावली होती, त्यांनी ते पाहिलं आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. एक जण म्हणाला, “नक्को मॅडम. घर में मम्मी फोन देखती.” मग लपवायचं कसं यावर तासभर खल. कॅल्क्युलेटरच्या आड लपवू म्हटलं तर पोरं हसली, ती युक्ती आता सगळ्या आयांना माहीत आहे. क्रिकेटचा स्कोअर म्हटलं तर बाप बघायला मागेल.

तेव्हा मी घसा साफ केला आणि म्हटलं, पंचांग.

तरुण पोराच्या फोनात पंचांग सापडलं तर आई रागवेल की दृष्ट काढेल? तेलुगू घरात तेलुगू, हिंदी घरात हिंदी, आमच्याकडं मराठी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला दोन समोसे जास्त मिळाले. मग मी थांबते होय? म्हटलं, पंचांग खरं वाटलं पाहिजे. पहिल्या पानावर आजची तिथी द्या, नक्षत्र द्या, सूर्योदय, चंद्रोदय द्या, आणि तोही हैदराबादचा. वर चंद्राचं चित्र. त्या चंद्रावर बोट दाबून धरलं की चार आकडे विचारणार, आकडे बरोबर आले की आतलं ॲप उघडणार. चंद्रावर कोण कशाला बोट दाबतंय, असं मीच म्हणाले. आणि गोळीची वेळ झाली की घंटा वाजून ओळ येणार: ‘दिवा लावला का?’ ही ओळसुद्धा माझीच. आपल्यात एक लेखिका दडलेली आहे असं मला फार दिवस वाटत होतं, ती अशी बाहेर पडली.

यात एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. पंचांग कुणाला पंचांग म्हणूनच हवं असेल.

बरं, मी काही परकी नव्हते. मी दर महिन्याला संकष्टी धरते, निदान दुपारच्या चहापर्यंत तरी. काचीगुड्यात संकष्टीच्या संध्याकाळी काय गोंधळ चालतो तो मला चांगला ठाऊक आहे. आमच्या भिंतींवरची कॅलेंडरं महाराष्ट्रातून येतात. माझ्या घरच्या कॅलेंडरात चंद्रोदय सगळ्या मोठ्या गावांचा आहे, आमचाच नाही. मग एक नांदेडची वेळ घेऊन त्यातून थोडी कमी करते. दुसरी माहेरच्या मायेनं सोलापूरचीच धरते आणि उपाशी बसते. गूगलवर मिळतं, पण गूगलनं सांगितलेलं चालत नाही, पंचांगानं सांगितलं पाहिजे. वर जाऊन प्रत्यक्ष पाहावं, तर पूर्वेला एवढ्या इमारती उठल्यात की चंद्र गच्चीवर येईस्तोवर मोदक गार. अशा गावात मी हैदराबादचा चंद्रोदय सांगणारं मराठी पंचांग फुकट वाटलं, आणि ते कुणी उघडणार नाही असं मानून मी स्वस्थ बसले. दीड शहाणी म्हणतात ती हीच.

ॲप सुरू झालं. दुपारी मी त्यातल्या गप्पांना उत्तरं द्यायला बसायची. तिथं कुणाला नाव नसतं, प्रत्येकानं एक चित्र निवडायचं. मला समई मिळाली. मी एका बोटानं टाइप करते, त्यामुळं माझी उत्तरं लहान. त्यातलं सर्वांत लहान, ‘बरं, मग पुढं?’ समोरचा चार ओळी लिहायचा, मी लिहायची, बरं, मग पुढं? पोरांना वाटायचं, बाई फार खोल आहे, ऐकून घेते. वास्तविक बाई चष्मा शोधत असायची.

एक जण होता, लिंबू सोड्याच्या बाटलीचं चित्र लावलेला. घरची भाषा मराठी म्हणून त्यानं मराठी बाई मागितली होती, पण मराठी लिहायचा इंग्रजी अक्षरांत आणि मधेमधे दख्खनी हिंदी. विमानाची तिकिटं विकणाऱ्या कॉल सेंटरात काम करायचा. पहिले पुष्कळ दिवस तो नुसता ‘मेरे एक दोस्त को पूछना है’ एवढंच लिहायचा. मग एका दुपारी लिहिलं, दोस्त नाही, मीच. आणि ज्याच्याबरोबर असतो तोही नुसता दोस्त नाही, समजून घ्या मॅडम. मी समजून घेतलं. या वेळी ‘बरं, मग पुढं?’ लिहिलं नाही. लिहिलं, सांगितलंस ते चांगलं केलंस.

तपासणीला जायला त्याला धीर होत नव्हता. खूप समजावल्यावर गेला. निकाल चांगला आला, रोग नव्हता. मग डॉक्टरांनी त्याला ती रोजची गोळी सुरू केली. ठरावीक महिन्यांनी परत तपासणी, गोळी चुकवायची नाही, आणि गोळी घेतो म्हणून कंडोम सोडायचा नाही. तो सगळं ऐकायचा. मला तो पोटच्या पोरासारखा वाटायला लागला होता, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही, कारण तसं वाटू द्यायचं नसतं.

थोड्याच दिवसांत त्याची तक्रार आली. ‘मॅडम, तुमच्या घंटीने वाट लावली. मम्मीने वाचलं. आता रोज मलाच दिवा लावावा लागतो.’ मी इतकी हसले की खालून दातांच्या डॉक्टरांचा माणूस वर बघायला आला. पोरगं पुढं लिहीत होतं की दिवा आपल्याच ताब्यात आल्यामुळं गोळ्यांची बाटली त्यानं देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, कापराच्या डब्यामागं ठेवलीय. दिवा लावायचा आणि तिथंच गोळी गिळायची. मी लिहिलं, शाब्बास. अगदी हेच लिहिलं.

मग मंडळाची बैठक आली. भजन झालं, चिवडा आला, बशा फिरायला लागल्या. आमच्यात एक शिवणाच्या बाई आहेत, शाळेत पोरींना शिवण शिकवतात. सगळ्या त्यांना बाईच म्हणतात. उंच, कमी बोलणाऱ्या. नजर अशी की ब्लाऊजची बाही वाकडी बसली असेल तर आपल्यालाच घाम फुटतो. नवरा रेल्वेत, एकुलता एक मुलगा. त्या दिवशी त्या आपण होऊन बोलायला लागल्या. म्हणाल्या, आमचं पोरगं बदललं. त्याच्या फोनात मराठी पंचांग आहे, त्यात हैदराबादचा चंद्रोदयसुद्धा दिलाय. आणि रोज जेवायच्या आधी तो फोन स्वतःहून विचारतो, दिवा लावला का.

चिवड्यातला शेंगदाणा माझ्या घशात गेला. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी. कुणी पाठीवर थापट्या मारल्या, कुणी पाणी दिलं. शिवणाच्या बाई बशी हातात धरून माझ्याकडं बघत होत्या. बाकीच्या जणी ॲपच्या नावासाठी त्यांच्याभोवती गोळा झाल्या, लिंक पाठवा, लिंक पाठवा. बाई म्हणाल्या, मला जमत नाही, पोराला सांगते. आणि मग म्हणाल्या की येत्या संकष्टीला सगळ्यांनी आमच्याकडं या, त्या पंचांगाच्या वेळेवरच उपास सोडू. मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही आलंच पाहिजे.” मला वाटलं, माझ्या आरतीच्या आवाजामुळं. माझा आरतीचा आवाज म्हणजे बाकीच्यांना सूर सोडायला लावणारा, तरी मला तसं वाटलं.

घरी आले, पण स्वयंपाकात लक्ष लागेना. लिंबू सोड्याची बाटली कोण ते मला कळलं होतं, आणि कळायला नको होतं. आमच्या कामाचा पहिला नियम, एकाचं गुपित दुसऱ्याला नाही, आईला तर नाहीच नाही. त्या घरात आठ-दहा बायका जमणार, प्रत्येकीला चंद्रोदय पाहायचा, आणि वेळ पानावर लिहिलेली असली तरी ती बोट कुठं ठेवणार? चंद्रावर. हे पोरगं अशा रीतीनं आईपुढं उघडं पडलं तर शरमेनं गोळी सोडेल, आमच्याशी बोलणं सोडेल, आणि मग त्याला खरंच काही झालं तर त्याला जबाबदार माझा हुशार चंद्र. मी दुसऱ्याच दिवशी त्याला लिहिलं, सगळ्यांनाच सांगतेय असं भासवून, की चार आकडे बदला, बाटलीची जागा बदला. त्यानं उत्तरादाखल अंगठा पाठवला. या पोरांचा अंगठा म्हणजे हो, की वाचलं, की पुरे करा, याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही.

संकष्टीला आभाळ गच्च. बाईंचं घर स्टेशनच्या अंगाला, चौथ्या मजल्यावर, गाड्यांची अनाउन्समेंट घरात बसून ऐकू येते. बायका नटूनथटून आल्या होत्या आणि भुकेनं चिडलेल्या होत्या. नांदेडवाली म्हणत होती झाली वेळ, सोलापूरवाली म्हणत होती अजून कुठली. मी एकीची सुनेबद्दलची कहाणी ऐकत होते. ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून गेलं, “बरं, मग पुढं?”

दाराशी एक दाढीवाला पोरगा बूट काढत होता. त्यानं मान वर केली.

मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की त्यानं समई ओळखली. चेहरा पांढराफटक. तो आत गेला, पाण्याचा पेला घेऊन आला आणि माझ्यासमोर धरला. “काकू, पाणी,” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, थँक्यू बेटा, आणि उपास असल्यासारखी घटाघटा प्याले. त्याच्या नजरेत नुसती विनवणी होती. मला त्याला सांगायचं होतं की अरे, मी मेले तरी बोलणार नाही, पण तेही बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात नांदेडवालीनं हाक मारली, काढ रे बाबा तुझं ते पंचांग, वाद मिटव. पोराचा हात खिशावर जाऊन तिथंच राहिला. दोघी जणी उठून त्याच्याकडं निघाल्या. मग मी उडीच घेतली. म्हटलं, त्याला कशाला त्रास, थकून आलंय पोरगं, ते पंचांग माझ्याकडंही आहे. आणि पर्समधून फोन काढून सगळ्यांच्या मधोमध धरला.

आता माझ्या फोनातलं ॲप म्हणजे ऑफिसातलं, तपासून बघायचं. त्याला चार आकड्यांची भानगड नाही. मी चष्मा चढवला, एका हातात फोन, अंगठा कुठं आहे इकडं लक्ष नाही. अंगठा चंद्रावर होता. चंद्र उघडला, आणि त्याच्यामागून एक बाई खणखणीत आवाजात बोलायला लागली. “नमस्कार. लाजू नका. कंडोम वापरताना पहिली गोष्ट.” मराठी आवाज द्यायला दुसरं कुणी मिळत नव्हतं म्हणून तेही मीच केलं होतं. स्पष्ट उच्चारांबद्दल माझं कौतुकही झालं होतं. गणपतीसमोर, मोदकांच्या ताटासमोर, मंडळाच्या सगळ्या सभासदांसमोर मी पहिली गोष्ट सांगितली, दुसरीही सांगितली, आणि तिसरी सांगत असताना मला फोन बंद करता आला.

स्टेशनवर कुठलीशी गाडी कुठल्याशा फलाटावर येत असल्याचं ऐकू आलं. मी म्हटलं, जाहिराती फार झाल्यात आजकाल, मधेच लागतात. सोलापूरवाली म्हणाली, “आवाज मात्र तुमच्यासारखाच आहे बाई.”

पोरगं भिंतीला टेकून उभं होतं. माझी पुरती शोभा झाली याचं वाईट मला नंतर वाटलं, तेव्हा वाटत होतं की चला, त्याचा फोन तरी खिशात राहिला. एवढ्यात शिवणाच्या बाई उठल्या. शांतपणे म्हणाल्या, “ताई, जरा आत या. मोदकांचं बघायचंय.”

स्वयंपाकघरात मोदकांचं काही बघायचं नव्हतं. तळून, निथळून, झाकून ठेवलेले. बाईंनी दार लोटलं आणि ओट्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“पंचांगाला कुलूप कोण लावतं, ताई?”

मग त्या बोलायला लागल्या, हळू आवाजात. मागच्या संकष्टीला त्यांनी पोराच्या फोनात चंद्रोदय पाहायला म्हणून चंद्रावर बोट धरलं, तर त्यानं आकडे विचारले. त्यांना ते खुपलं. देवाच्या गोष्टीला कुलूप कशाला? मग चार दिवसांनी वाती ठेवायला देव्हाऱ्याचा खण उघडला, आणि कापराच्या डब्यामागं बाटली. काचीगुड्यातली दुकानं सगळी ओळखीची, म्हणून बाटली पर्समध्ये घालून त्या बस धरून आबिड्सला गेल्या. पोस्टाच्या मागं एक औषधाचं दुकान दिसलं. दुकानदारानं बाटली फिरवून वाचली, आवाज खाली आणला आणि विचारलं, कुणाची आहे. त्या म्हणाल्या, शेजाऱ्यांची. तो म्हणाला, हे एड्सवाल्यांना देतात, वर त्यांचं ऑफिस आहे, तिथं विचारा. त्या जिन्याशी गेल्या, पाटी वाचली. वरून मी डब्याची पिशवी हलवत उतरत होते. त्या खांबामागं झाल्या.

“जिना चढले नाही मी. पाय उचलेना. पण तुम्ही युवकांच्या आरोग्याचं काय करता ते समजलं.”

मग मंडळात दिव्याची गोष्ट त्यांनी मुद्दाम काढली होती, माझ्या तोंडाकडं बघत. कधी आपण होऊन न बोलणारी बाई त्या दिवशी का बोलली, हा प्रश्न मला पडायला हवा होता, तर मी चिवडा खात होते.

“तुम्हाला ठसका लागला आणि माझ्या पायाखालची जमीन गेली,” त्या म्हणाल्या. “तोवर वाटायचं, दुकानदार चुकला असेल.”

मी नियम पाळला होता. एक अक्षर बोलले नव्हते. एका शेंगदाण्यानं मी या बाईला सांगून टाकलं होतं की तुझं पोर मरणार, आणि तेसुद्धा खोटं. तेव्हापासून ती हे पोटात घेऊन शाळेत पोरींना टाके शिकवत होती, पोराला वाढत होती, आणि तो दिवा लावताना मागं उभी राहून हात जोडत होती. मला माझी फार लाज वाटली.

“मला दुसरं काही नको,” त्या म्हणाल्या. “किती दिवस आहेत त्याच्याकडं, तेवढं सांगा.”

काय सांगणार? आमच्यात हो म्हणायचीही मुभा नाही, नाही म्हणायचीही नाही. त्याला ओळखते असंसुद्धा म्हणता येत नाही. म्हटलं, बाई, मी कुणाचंच काही सांगू शकत नाही. पण जे कुणालाही सांगते ते ऐका. ज्यांना हा रोग झालाय तीही माणसं औषध घेऊन म्हातारी होतात, नातवंडं खेळवतात. आणि ते औषध रोग नसलेलीही घेतात. बाईंनी मला मधेच तोडलं.

“पाटीवर लिहिलेलं सांगू नका, ताई. माझ्या पोराचं सांगा.”

आणि मला ते सांगता येत नव्हतं. सत्य तोंडाशी होतं, एका वाक्यात तिचा जीव भांड्यात पडला असता, आणि मी त्या स्वयंपाकघरात मुकी उभी. इतक्या वर्षांत या नियमाचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

दार ढकललं गेलं. पोरगा उभा होता. कधीपासून, कोण जाणे. डोळे लाल.

“मम्मी, मला झालेलं नाही,” तो म्हणाला. “होऊ नये म्हणून घेतो.”

त्यानं फोन काढला, चंद्रावर बोट धरलं, चार आकडे घातले. बदलले नव्हतेच, अंगठ्याचा अर्थ तो होता. आत शेवटच्या तपासणीचा निकाल होता, तो त्यानं आईसमोर धरला. बाईंनी एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. मग वर पाहिलं, ते त्याच्याकडं नाही, माझ्याकडं.

तो म्हणाला, “काकू, सांगा. मी सांगतोय म्हणून सांगा.”

“खरं आहे,” मी म्हटलं. “त्याला काही झालेलं नाही. तो गोळी घेतो तोवर आम्ही लक्ष ठेवून आहोत, आणि तो एक दिवस चुकवत नाही.”

बाई खाली फरशीवर बसल्या. पदराचा बोळा तोंडात धरून रडल्या, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. पोरगा शेजारी उकिडवा बसला, पण हात लावायचा धीर त्याला होईना. मीही रडले. मला रडण्याचा काही अधिकार नव्हता, तरी रडले, आणि नाक पुसायला हाती आलं ते मोदकांवरचं फडकं.

तुला ही गोळी का लागते, असं बाईंनी विचारलं नाही. प्रश्न त्यांच्या तोंडावर दिसत होता. तो त्या विचारतील, आणि त्याला उत्तर द्यावं लागेल, पण तो त्या दोघांचा प्रश्न आहे. परवा मी त्यांना विचारलं की हे मी लिहू का. पोरगा म्हणाला, लिहा, कोण वाचतंय मराठी. बाई म्हणाल्या, लिहा, पण मोदक बिघडले होते असं वाटू देऊ नका. मोदक उत्तम होते.

बाहेर बायका हाका मारायला लागल्या होत्या. सोलापूरवालीचीही वेळ होऊन गेली होती. तेवढ्यात पोराच्या हातातला फोन वाजला. घंटा, आणि खाली माझ्या हातची ती ओळ: दिवा लावला का?

तिघांनीही वाचली. ती ओळ वाचून मला कुठं तोंड लपवू असं झालं. बाईंनी डोळे पुसले, ओट्याला धरून उठल्या, काडेपेटी घेतली.

“दिवा मी लावते,” त्या म्हणाल्या. “तू गोळी घे.”

त्यानं ओट्यापलीकडच्या देव्हाऱ्याच्या खणातून बाटली काढली आणि आईसमोर, उजेडात, पाण्याबरोबर गोळी गिळली. त्या समोर उभ्या राहून त्याच्या घशाकडं बघत होत्या, काडेपेटी तशीच हातात. मग म्हणाल्या, “आ कर.”

तो एवढा दाढीवाला पोरगा, माझ्यासमोर, त्यानं आ केला.